तिकिटाच्या मागे लिहिलेली बाकी

खान्देशातल्या रक्तदात्यांना, आणि वॉर्डात-धर्मशाळेत माझ्या शेजारी झोपलेल्या सगळ्यांना,

रामराम मंडळी.

मी एसटीचा वाहक. जळगाव विभागात अठरा वर्षं नोकरी झाली. वाहकाला माणसाचं नाव माहीत नसतं, स्टॉप माहीत असतो. रोज सकाळी डबा घेऊन चढणारा माणूस माझ्या लेखी 'साकेगाव' आणि भाजीची पाटी घेऊन चढणारी मावशी 'नशिराबाद'. म्हणून या पत्रातही कोणाचं नाव येणार नाही. तुमच्यातल्या निम्म्यांची नावं मला कधी कळलीच नाहीत, आणि ज्यांची कळली त्यांनी गाजावाजा करायचा नाही असं बजावून ठेवलंय. आपापल्या स्टॉपवरून ओळखून घ्या.

गोष्ट मे २०२२ ची. एप्रिलात संप मिटून गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. इतके महिने घरी बसून पाय आखडले, म्हणून गाडीची पायरी चढताना दम लागतो, असं मी धरून चाललो होतो. अंगात बारीक ताप. गुडघे दुखायचे. दात घासताना ब्रश लाल व्हायचा. पिंडऱ्यांवर लालसर ठिपके उठले, ते घामोळं समजून मी पावडर लावत बसलो. जळगावच्या मे महिन्यात दुसरं काय सुचणार? एका दवाखान्यात दहा दिवस टायफॉइडच्या गोळ्या झाल्या. शेवटी घरचीचं लक्ष खांद्याकडे गेलं. पैशांच्या बॅगेचा पट्टा जिथे रुळतो, तिथे पिकल्या जांभळाच्या रंगाचा लांबच लांब डाग पडला होता. "कोणी मारलं का तुम्हाला?" तिने विचारलं. कोणी मारलं नव्हतं. बॅगेत त्या दिवशी चार हजारसुद्धा नव्हते.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी ८४ हजार, प्लेटलेट, म्हणजे वाहतं रक्त थांबवणाऱ्या पेशी, नऊ हजार. धडधाकट माणसाला प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली तेव्हाच मला कळलं, हा टायफॉइड नाही. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर असावा, मुंबईला जा, म्हणाले. आणि लगेच, आज रात्री जायचं नाही, असंही म्हणाले. नऊ हजारांवर रेल्वेने सात तास नेणं म्हणजे जिवाशी खेळ. आधी प्लेटलेट चढवायच्या, मग प्रवास.

माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह. आजारपणात हा गट असणं ही वेगळी शिक्षा आहे, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण तोच एक विनोद करतो आणि आपण हसावं म्हणून थांबतो.

त्या संध्याकाळी रक्तपेढीत बी पॉझिटिव्हच्या प्लेटलेट नव्हत्या. तेव्हा मी चिडलो होतो, आता कारण माहीत आहे. लाल रक्ताची पिशवी थंडीत पाच-सहा आठवडे टिकते. प्लेटलेट पाच दिवस. त्याही फ्रीजमध्ये ठेवायच्या नसतात. २० ते २४ अंशांत, सतत हलणाऱ्या ट्रेवर ठेवाव्या लागतात, थांबल्या की बिघडतात. हे ऐकून माझा ड्रायव्हर म्हणाला, मग आपल्या गाडीत ठेवा की, आपल्या रस्त्यांवर काही थांबायच्या नाहीत. मे महिन्यात कॉलेजं बंद, पोरं गावी गेलेली, लग्नांची तिथ, वर ४४-४५ अंशांचं ऊन. शिबिरं होत नाहीत. आजार काही सुट्टीवर जात नाही.

डेपोच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप गेला. रात्री दहापर्यंत अकरा जण आले आणि त्यातले चारच चालले. जे परत गेले त्यांचं मला आधी सांगायचंय, कारण त्यांच्या नावावर एकही पिशवी लागलेली नाही. धरणगावच्या एका बाईंचं हिमोग्लोबिन अकरा भरलं, साडेबारा लागतं. त्या ओशाळल्या, बाहेर बाकावर बसल्या आणि फोन करून करून भावाला झोपेतून उठवून आणलं. एका पोराने महिन्यापूर्वी दंडावर गोंदवून घेतलं होतं, म्हणून वर्षभर चालणार नव्हता. टोपीवाले एक बाबा एरंडोलहून आले होते. वय विचारलं तर 'साठ' म्हणाले, आधार कार्ड निघालं एकाहत्तरचं. पासष्टच्या पुढे घेत नाहीत म्हटल्यावर त्यांनी नर्सशी जो वाद घातला, तो मला तिसऱ्या मजल्यावर कळला. बाबा, तुमचं रक्त घेतलं नाही, पण त्या रात्री मी पहिल्यांदा हसलो ते तुमच्यामुळे.

त्याच रात्री बाहेर चहाच्या टपरीवर एकाने माझ्या मेहुण्याला बाजूला घेतलं. डोनर मिळवून देतो, इतके पडतील, म्हणाला. पैसे देऊन रक्त घेणं १९९८ पासून देशभर बंद आहे, पण गरजवंताला कायदा आठवत नाही. मेहुणा पाकीट काढायच्या बेतात होता, तेवढ्यात सावदा आला.

सावदा म्हणजे सावद्याचा माणूस. केळीच्या गाड्या भरणारा. आमच्या एका मेकॅनिकच्या साडूच्या ओळखीचा, म्हणजे माझा तसा कोणीच नाही. गाडी भरून तसाच मोटरसायकलवर आला होता. केळीच्या चिकाचे डाग तुम्हाला माहीत आहेत; ताजे असताना दिसत नाहीत, मग काळे पडतात आणि कापड फाटेपर्यंत निघत नाहीत. त्याच्या शर्टावर पांढऱ्यापेक्षा काळंच जास्त होतं. तपासण्या होईस्तोवर दोन तास थांबला. मग मशिनला बसवलं. एका हातातून रक्त बाहेर येतं, मशिनमध्ये फिरतं, प्लेटलेट तेवढ्या वेगळ्या होतात आणि बाकीचं रक्त त्याच माणसाच्या अंगात परत जातं. याला एसडीपी म्हणतात. यात ओठांना मुंग्या येतात, म्हणून कॅल्शियमची गोळी चघळायला देतात. मेहुणा सारखा विचारायचा, भाऊ बरं वाटतंय ना? तो म्हणाला, "दीड तास त बसायचं. गाडी भरायले याच्याहून जास्त टाइम लागते." पेट्रोलचे पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. चहा मात्र दोन वेळा प्यायला.

पहाटे ती पिशवी माझ्या उशाशी टांगली. मला वाटलं होतं रक्त लालच असणार. ती पिवळी होती, तुरीच्या वरणाच्या वरच्या पाण्यासारखी. हिरड्यांचं रक्त सकाळी थांबलं. सावद्याचा तो माणूस तोवर परत जाऊन दुसरी गाडी भरायला लागला होता, असं नंतर कळलं. मी त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. मेहुण्याने फोटो काढून ठेवला होता, तेवढाच.

तिसऱ्या दिवशी रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसने आम्ही निघालो. परळला हाडातला मगज काढून तपासला, आजाराचं पूर्ण नाव कळलं, ए.एल.एल., म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, आणि मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. तिथे आमची खान्देशची एक रांगच होती. शिंदखेड्याचे आबा, चाळीसगावच्या एक ताई नवऱ्याला घेऊन, आणि धडगावहून आलेला नऊ वर्षांचा पोरगा आणि त्याची आई. आईला पावरीशिवाय काही येत नव्हतं. पोरगा तिचा दुभाषी.

डॉक्टरांनी उपचार केले, त्यांचे आभार वेगळे मानलेत. पण आजाराशी कसं राहायचं हे मला या रांगेने शिकवलं. लाल औषध चढवल्याच्या रात्री आबा माझ्या चटईजवळ येऊन बसले आणि म्हणाले, सकाळी लघवी लाल होईल, घाबरू नको, ते रक्त नाही, औषध आहे. हे डॉक्टरांनीही सांगितलं असणार; पण त्या दिवसांत पांढरा कोट घालून कोणी बोललं की माझ्या कानात काही शिरत नसे. तोंड यायच्या आधीच मीठ-सोड्याच्या गुळण्या सुरू कर, हे चाळीसगावच्या ताईंनी सांगितलं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी रात्री दोन वाजता पोटात आग पडायची, तेव्हा त्या उठून माझ्या बायकोबरोबर स्टोव्ह पेटवायच्या. शिळं चालायचं नाही, म्हणून रोज ताजा वरण-भात, रात्री दोन वाजता. ताई, तुमचे यजमान बरे आहेत हे कळलं. त्यांच्याकडे माझ्या वाटणीची शेवभाजी उधार आहे.

आणखी एक हसण्यासारखी गोष्ट. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत सवलत असते, स्लीपरला आणि थ्री एसीला पूर्ण माफी, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. फॉर्म हॉस्पिटलातच मिळतो. अठरा वर्षं दुसऱ्यांचे पास आणि सवलतीची कार्डं उलटसुलट करून पाहणारा मी, मला माझ्याच सवलतीचा पत्ता नव्हता. आबांनी हाताला धरून खिडकीपाशी नेलं.

केस गळायला लागले तेव्हा माझा धीर सुटला. आपल्याकडे घरात कोणी गेल्याशिवाय पुरुष डोकं भादरत नाही. माझे वडील हयात आहेत. आईने फोनवर एवढंच विचारलं, टोपी घालतोस ना? आबांचा गोटा आधीच झालेला होता. ते म्हणाले, "गावमा सांगजो, तिरुपतीले जाई उनू." दुसऱ्या दिवशी त्यांनीच न्हाव्याकडे नेलं आणि प्रसाद म्हणून दोन पेढे आणले. माझ्यासाठी एक, त्यांच्यासाठी एक. पेढा मला चालणार नाही हे लक्षात आल्यावर दोन्ही तेच खाऊन बसले.

धडगावच्या पोराला मी वाहक आहे हे कळल्यावर त्याने मला सोडलं नाही. वहीच्या कागदाची तिकिटं करून द्यावी लागायची. दादर ते धडगाव, एक हाफ. पाठीतल्या इंजेक्शनच्या दिवशी तो तिकीट घेऊन जायचा आणि परत आला की आईच्या पिनेने त्याला भोक पाडायचा. किती टप्पे राहिले, हा रोजचा प्रश्न. माझी पाठीतल्या इंजेक्शनची पहिली वेळ आली तेव्हा त्यानेच चटईवर वळून दाखवलं. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, मांजर झोपतं तसं. आणि नंतर आडवंच पडून राहायचं, उठायचं नाही, नाहीतर डोकं दुखतं. माझी उमर तेव्हा एकोणचाळीस. नऊ वर्षांच्या मास्तराकडून शिकलो.

दीड वर्षाने त्याच्या आईने एसटीच्या ड्रायव्हरबरोबर एक पुडकं पाठवलं. घरच्या अंगणात वाळवलेलं आमचूर. तोंडातल्या जखमा भरेपर्यंत आंबट बंद होतं, म्हणून पुडकं फळीवर ठेवलं होतं. ज्या दिवशी ते उडदाच्या डाळीत टाकून खाल्लं, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की जेवलो.

आता आबा.

पुढची केमो जळगावला घेता येईल असं ठरलं, आणि आम्ही दोघेही तिथल्या एका हॉस्पिटलात आलो. योजनेत नाव बसलं होतं. आबा सात नंबरच्या खाटेवर, मी सहावर. दोघेही बी पॉझिटिव्ह. ते मला नवीन सुया टोचताना सांगायचे, "सुईकडे देखू नको, पंखाकडे देख." त्या पंख्याला तीन पाती होती आणि एका पात्याची कड वाकलेली होती. डोळे मिटले तरी ते पातं मला आज दिसतं.

दिवाळी झाल्यावर आबांना ताप आला. पांढऱ्या पेशी खाली असताना ताप येणं म्हणजे काय, हे आमच्या वॉर्डात लहान पोरालाही माहीत असतं. त्यांना आत हलवलं. त्यांच्यासाठी एसडीपीला एक डोनर बोलावला होता, पारोळ्याचा. तो येऊन मशिनला बसला, आणि तो बसलेला असतानाच आबा गेले.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. आबांचा मुलगा कागदपत्रांसाठी खाली उभा होता. रक्तपेढीच्या माणसाने त्याला विचारलं, आता या पिशवीचं काय करायचं? तो म्हणाला, "बाबाले आते काय कामनं? सहा नंबरना भाऊले दी द्या."

माझे प्लेटलेट त्या दिवशी अकरा हजार होते. रात्री ती पिशवी मला चढली. कोणाची म्हणून विचारलं तर नर्सने मान हलवली आणि ठिबक्याचा वेग पाहत राहिली.

जिभाऊ, तुमच्या वडिलांचा देह खाली असताना तुम्हाला माझा खाटेचा नंबर आठवला. त्यानंतर दहाव्याला यावं म्हणून मी निघालो होतो, पण गर्दीत जायला मनाई होती. तुम्हाला फोन लावला आणि हॅलो म्हणून ठेवून दिला. तो मीच होतो. आणि पारोळ्याचे दादा, तुम्ही ज्याच्यासाठी सुई टोचून घेतली त्याला तुमचं दान लागलं नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल. ते वाया गेलं नाही. ते सहा नंबरला लागलं.

घरचीने या सगळ्याची एक वही ठेवली आहे. आमच्या वेबिलसारखे, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदासारखे रकाने आखून. तारीख, पिशवी, गाव. उपचार संपले तेव्हा बेरीज केली: लाल रक्ताच्या १७, एसडीपी ९, साध्या प्लेटलेटच्या ३८. चौसष्ट माणसं. एका साध्या गाडीत बसवली तर सगळ्यांना जागा मिळणार नाही, काहींना दांडा धरून उभं राहावं लागेल. ३८ जणांपुढे गावाचा रकाना रिकामा आहे. कुठल्या तरी शिबिरात, कुठल्या तरी शाळेच्या वर्गात, फळ्याखाली टाकलेल्या गादीवर झोपून तुम्ही रक्त दिलंत आणि बिस्किटाचा पुडा घेऊन घरी गेलात. एका पिशवीतल्या लाल पेशी एकाला गेल्या, प्लेटलेट मला आल्या.

आता कबूल करायचं ते करतो. आमच्या डेपोत दरवर्षी रक्तदान शिबिर असायचं. मी सुईला भितो. शिबिराच्या दिवशी मी मुद्दाम लांबच्या रूटची ड्युटी मागून घ्यायचो. वयाच्या एकोणचाळीस वर्षांपर्यंत मी एक थेंब दिलेला नाही. आणि आता देता येत नाही. ज्याला एकदा ल्युकेमिया झाला त्याचं रक्त बरं झाल्यावरही कधीच घेत नाहीत. मी विचारून पाहिलं, दोन ठिकाणी.

एसटीत सुट्ट्या पैशांची बोंब रोजचीच. सुट्टे नसले की आम्ही तिकिटाच्या मागे पेनाने बाकी लिहून देतो, उतरताना घ्या म्हणतो. बरेच जण विसरून उतरतात. तो पैसा संध्याकाळी हिशेबात जादा म्हणून भरला जातो, पण माणूस तर गेलेला असतो. हे पत्र म्हणजे तसंच समजा. चौसष्ट जणांची बाकी मागे लिहून देतोय. सुट्टे माझ्याकडे यायचे नाहीत.

जाता जाता मंडळांना आणि पथकांना एक विनंती, हात जोडून. नेत्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी तीनशे पिशव्या काढता, बॅनर लागतो, चांगलंच आहे. त्यातली शंभर माणसं मेसाठी राखून ठेवता आली तर पाहा. गडी माणसाला तीन महिन्यांनी, बाईमाणसाला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला कोणाची पाळी येते ते आधीच लिहून ठेवलं तर जमतं. आणि प्रत्येक मंडळाने दहा-पंधरा पोरांची एसडीपीची यादी करावी, रक्तगट आणि फोन नंबरसकट. त्यात दोन दिवसांनीही पुन्हा बसता येतं, वर्षात चोवीस वेळा चालतं. कानबाईच्या सणात रोटाला जशी घराघरांत आधीपासून तयारी असते तशी ही यादी तयार पाहिजे. रात्री दहाला ग्रुपवर 'तातडीने' असं लिहून हात जोडलेली चित्रं टाकायची वेळ येऊ नये.

गेल्या वर्षाअखेर माझ्या गोळ्या बंद झाल्या. काही महिने चौकशीच्या खिडकीत बसलो, मग मार्चात पुन्हा रूट मिळाला. रावेर-जळगाव. केस आलेत, थोडे कुरळे आलेत, वजनही वाढलंय.

परवा दुपारी सावद्याला एक माणूस चढला. मी त्याला आधी शर्टावरून ओळखलं. मेहुण्याच्या फोनमधला तोच चेहरा, जरा काळवंडलेला. "एक भुसावळ," म्हणाला आणि शंभराची नोट पुढे केली. गाडीत मुंगीला जागा नव्हती, पुढे तीस जण तिकिटाचे बाकी होते आणि माझा गळा असा भरून आला की तोंडातून शब्द फुटेना. सुट्टे नव्हते. तिकिटाच्या मागे बाकी लिहून त्याच्या हातात दिली. वाटलं, भुसावळला उतरताना बोलू.

भुसावळला गर्दीच्या लोंढ्यात तो मागच्या मागे उतरून गेला. मी दारात आलो, हाक मारली, "ओ सावदा!" त्याने वळून पाहिलं. हात हलवून म्हणाला, "राहू द्या मास्तर, परतीले घेऊ." आणि पुलाकडे चालू लागला.

परतीच्या गाडीला मी सगळी सीटं दोनदा पाहिली. भाऊ, तुम्ही नव्हता. ते पैसे मी संध्याकाळी नियमाने भरले, आणि तेवढेच माझ्या खिशातले काढून घरचीच्या वहीत ठेवलेत. मे २०२२ च्या त्या रात्रीच्या पानात.

तुमचाच,
रावेर-जळगाव गाडीचा वाहक